‘बरा होता’ म्हणजे कसा होता?

गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्व संपल्यावर आमच्या महिला मंडळाची बैठक बस्तीच्या मागच्या हॉलमध्ये बसली. क्षमावाणीनंतरच्या रविवारी बायकांसाठी एखादा सिनेमा दाखवायचा आणि नंतर अल्पोपाहार, असा बेत होता. कोणता सिनेमा, यावर पाऊण तास चर्चा झाली. चर्चा म्हणजे काय, तर एकीनं नाव घ्यायचं, दुसरीनं विचारायचं, "कसा हाय तो?" आणि पहिलीनं सांगायचं, "बरा हाय की. फॅमिलीबरोबर बगता येतोय." एवढ्यावर नाव कागदावर चढायचं. पाच नावं चढली.

सहावं नाव मी सुचवलं. पंचवीस मिनिटांचा, कृष्णधवल, 1982 सालचा माहितीपट. ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. निपाणीतल्या तंबाखूच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांचा, निपाणीतच चित्रित झालेला, आणि बोलणाऱ्या बायकाही निपाणीच्याच.

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग चिटणीस वहिनींनी मोबाईल पुढं ओढला आणि विचारलं, "त्याला रेटिंग किती हाय वो आक्का?"

मला सांगता येईना. मग कुणीतरी म्हणालं, "विषय जड हाय." आणि कोपऱ्यातून हळूच एक वाक्य आलं, "आपल्यातल्याच कुणाची वखार दिसायची त्यात. सणासुदीला कशाला?" नाव कागदावर चढलं नाही. कार्यक्रमात एक विनोदी सिनेमा लागला. बाहेर पडताना चप्पल शोधणाऱ्या चौघीजणींना मी विचारलं, "कसा होता?" चौघींचं उत्तर एकच. "बरा हुता."

आक्कांनो, हा लेख त्या "बरा हुता"च्या विरोधात आहे. राग आला तर येऊ द्या. निदान तो राग तुमचा स्वतःचा असेल.

आधी कबूल करते की हे उत्तर मीही पंचवीस वर्षं दिलं आहे. भाजी कशी झाली, बरी झाली. साडी कशी आहे, बरी आहे. मुलगा कसा वाटला, बरा वाटला. पोरीचं सासर कसं आहे, बरं आहे. या सगळ्या "बरं"मध्ये एक सोय असते. त्याचा जाब कुणी विचारत नाही. "आवडला नाही" म्हटलं की लगेच का, म्हणून विचारतात. "फार आवडला" म्हटलं तरी का, म्हणून विचारतात. "बरा" म्हटलं की माणूस पुढच्या विषयाकडं जातो. बाईला घरात अडचण न होता राहायचं असेल तर या शब्दासारखा दुसरा शब्द नाही. सिनेमाचं मत हे त्यातलं सगळ्यात लहान मत. ते चुकलं तर कुणाचं नुकसान होत नाही, दुधात मीठ पडत नाही, सोयरीक मोडत नाही. तिथंसुद्धा आपण "बरा हुता" म्हणत असू, तर मोठ्या गोष्टींत आपण कधी तोंड उघडणार?

आता आपली मोजमापं बघू. आपल्याकडं सिनेमा मोजायची तीन मापं आहेत: "टाइमपास हाय", "पैसे वसूल", आणि सगळ्यात वरचं "फॅमिलीबरोबर बगता येतोय".

पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही. दिवसभर उभं राहून काम केलेल्या बाईला तीन तास हसत बसायचं असेल तर तिनं बसावं. त्यात कमीपणा नाही. दुसरंही समजू शकतं. निपाणीहून कोल्हापूरला जायचं, गाडीचं पेट्रोल, तिकिटं, मधल्या सुट्टीतले पॉपकॉर्न, तेही पोरं दोन दोन मागणार. चौघांचं घर निघालं की नोट सुटते, आणि सुटलेल्या नोटेचा हिशेब बाईच ठेवते.

खरं भांडण तिसऱ्या मापाशी आहे. फॅमिलीबरोबर बघता येतो म्हणजे नक्की कुणाबरोबर? फॅमिली म्हणजे आपण पाच-सहा बायका का? आपल्या लेकी का? नव्हे. फॅमिली म्हणजे हॉलमधल्या मधल्या खुर्चीवर बसलेले मामंजी, शेजारी आमचे हे, आणि दाराच्या चौकटीला टेकून, एक कान कुकरच्या शिट्टीकडं ठेवून बघणाऱ्या आपण. त्या खुर्चीतल्या माणसाला अवघड वाटू नये, याला आपण "स्वच्छ सिनेमा" म्हणतो.

सरकारचं सेन्सॉर बोर्ड सिनेमाला प्रमाणपत्र देतं. यू, यूए, ए. 2024 पासून यूएचेही तीन भाग झाले: 7 वर्षांवरचे, 13 वर्षांवरचे, 16 वर्षांवरचे. म्हणजे सरकारलासुद्धा कळलं की सगळ्यांना एकच माप चालत नाही. आपल्या घरच्या बोर्डाचं प्रमाणपत्र मात्र अजून एकच आहे. पडद्यावर नायक-नायिका जवळ आले की रिमोट शोधायची धांदल उडते. आणि नायकानं बायकोच्या कानाखाली वाजवली तर? तर रिमोट कुणी शोधत नाही. तो सीन स्वच्छ. "राग आला बिचाऱ्याला" म्हणून शेवपुरीची बशी पुढं सरकते.

2020 साली ‘थप्पड’ आला. भर पार्टीत, लोकांसमोर नवरा बायकोला एक थप्पड मारतो आणि ती म्हणते, मला हे मान्य नाही. त्या एका थपडीवरून ती घटस्फोटापर्यंत जाते. आमच्याकडं त्यावर काय मत झालं? "एका थपडेसाठी एवढं?" हे बोलणारी बाई माझ्या नात्यातली. तिचा डावा कान मला माहीत आहे. पंधरा वर्षांपूर्वी तो कसा गेला तेही माहीत आहे. तिनं त्या सिनेमाला पाचातले दोन दिले.

तिला दोष देत नाही मी. दोन मार्क तिनं दिलेच नव्हते. हॉलमधल्या खुर्चीनं दिले होते, तिच्या तोंडातून. कारण तीच बाई दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मेथी निवडता निवडता मला म्हणाली, "ती पोरगी धाडसाची खरं." आमच्या बेळगाव-निपाणीकडं "खरं" म्हणजे "पण". तिच्या तोंडी मात्र त्या दिवशी दोन्ही अर्थ होते. बघा, एकाच बाईची दोन मतं. एक हॉलमधलं, एक ओट्यापाशीचं. हॉलमधलं मत मोजलं जातं, ओट्यापाशीचं मेथीच्या देठांबरोबर सुपात जातं.

‘लापता लेडीज’चं तेच झालं. 2024 चा किरण राव यांचा सिनेमा, आमच्या घराघरांत आवडला. रेल्वेत घुंगटामुळं दोन नवऱ्या अदलाबदल होतात, त्यात हसू आहे, आपल्या छाया कदम आहेत चहाच्या टपरीवर. सगळ्यांनी भरभरून मार्क दिले. त्यात एक छोटा प्रसंग आहे. पाहुणी म्हणून घरात आलेली नवरी जेवताना कमळकाकडीच्या भाजीची तारीफ करते, आणि सासूला नवल वाटतं, जेवणाचीही कुणी तारीफ करतं? मग तिच्या लक्षात येतं, आपल्याला स्वतःला काय आवडतं तेच आपण विसरून गेलोय. घरातल्या बाप्यांच्या आवडीचं रांधता रांधता स्वतःची चव गेली.

आमच्या मंडळात या प्रसंगावर अर्धा तास बोलणं झालं. काय बोलणं झालं सांगू? कमळकाकडी कंदमुळात धरायची की नाही! कुणी म्हणालं चालते, कुणी म्हणालं चिखलातली आहे, चालत नाही. महाराजांना विचारायचं ठरलं. सासू काय म्हणाली त्यावर एकीनंही तोंड उघडलं नाही. आणि आम्ही तेरा जणी होतो, त्यातल्या नऊ जणी सासवा. मी त्या दिवशी विचारलं, "तुमच्या आवडीची भाजी कोणती?" एकीनं सांगितलं, "आमच्या यांना दोडका आवडतोय."

त्याहून पुढचा किस्सा ‘मिसेस’चा. 2025 च्या फेब्रुवारीत तो झी फाइव्हवर आला. ‘द ग्रेट इंडियन किचन’ या 2021 च्या मल्याळम सिनेमावर बेतलेला. नाचणारी मुलगी लग्न होऊन एका डॉक्टरच्या घरी येते. सासऱ्यांना मिक्सरमधली चटणी चालत नाही, पाट्यावरची लागते. सिंकखालचा पाइप गळतो आणि तो दुरुस्त करायला कुणाला सवड नसते. बाकी घडत काही नाही. भांडी, फोडणी, ओटा पुसणं, परत भांडी. यावर आमच्यातल्या बायकांचं मत: "लई संथ हाय. आणि असं कुठं असतंय आता?"

असं कुठं असतंय! आक्का, तुमच्या सासऱ्यांना फ्रिजमधली कणीक चालत नाही म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत एकदा, अशी दोनदा कणीक मळता तुम्ही. मी बघितलंय तुमचं मनगट. त्याला पट्टा बांधलेला असतो. सिनेमा संथ वाटला, कारण तुम्ही तो रोज बघता, आणि रोज बघता म्हणून दिसत नाही. पडद्यावरची बाई ओटा पुसते तेव्हा नवऱ्याला कंटाळा आला तर मी समजू शकते. तुम्हाला कंटाळा आला हे मात्र मला पटत नाही. तुम्हाला अवघड वाटलं असेल, भीती वाटली असेल, राग आला असेल. त्या सगळ्याला "संथ" हे नाव दिलंत.

आता दुसरी बाजू. आपल्या माणसांचा सिनेमा असला की आपण मार्क उधळतो, हीसुद्धा खोटीच चाल. सीमाभागात तर याचा वेगळाच ताण. मराठी सिनेमा बेळगावात लागला की तो बघणं हे कर्तव्य, आणि चांगला म्हणणं हे त्याहून मोठं कर्तव्य. "आपल्या भाषेचा हाय, नावं ठेवू नये." मग ‘कांतारा’ आला की घरात शाळेत कन्नड शिकलेली पोरं एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला. कुठल्या सिनेमाला किती मार्क, यावरून कोण कुठल्या बाजूचं ते ठरायला लागतं. भाषेवरचं प्रेम मला कुणी शिकवायचं कारण नाही. माझ्या माहेरच्या घरात तीन पिढ्या मराठी पुस्तकं वाचल्या आहेत आणि सातबाऱ्याचा उतारा कानडीत वाचायलाही शिकल्या आहेत. पण भाषेवरचं प्रेम हे एक आणि सिनेमावरचं मत हे दुसरं. पोरगी आपली म्हणून तिच्या पेपरात शंभरपैकी शंभर घालणारी मास्तरीण पोरीचं भलं करत नाही.

‘बाईपण भारी देवा’ घ्या. 2023 च्या जून महिन्याच्या शेवटी आला, केदार शिंदे यांचा. सहा बहिणी, जुने रुसवे, मंगळागौरीची स्पर्धा. आपण मंगळागौर करत नाही, तरी आमच्याकडच्या बायका नटूनथटून, गॉगल लावून, गाड्या करून गेल्या. मीही गेले. त्या दिवशी मला सगळ्यात काय आवडलं असेल तर थिएटर. नवरा, सासरा, पोरं कुणी नाही. सगळ्या बायका, आणि मोठ्यानं हसणाऱ्या. पहिल्यांदाच "फॅमिली"चा अर्थ बदललेला मी पाहिला. यासाठी पाचातले पाच.

सिनेमाला मात्र मी तीन देते, आणि का ते सांगते. सहा बहिणींची दुखणी खरी आहेत, एकीमेकींशी न बोलण्याची ती गाठ तर अगदी आपल्या घरातली. पण सहा जणींच्या सहा गोष्टी एका कार्यक्रमात सुटून जातात. नाचून झालं की मन मोकळं, मन मोकळं की घर ठीक. माझ्या पाहण्यात घरं एवढ्या लवकर ठीक होत नाहीत. हे मी बोलले तेव्हा एक वहिनी रागावल्या, "बायकांच्याच सिनेमाला बाईनंच नावं ठेवायची?" मी म्हटलं, वहिनी, तुम्हाला काय आवडलं ते सांगा, मी ऐकते. त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "माझी थोरली भण आणि मी अकरा वर्सं बोलत नव्हतो. पिक्चर बगून आलो आणि मी फोन लावला." हे मत! यापुढं माझे तीन मार्क काहीच नाहीत. पण ते मत बाहेर यायला मला आधी भांडावं लागलं. नाहीतर त्याही "बरा हुता" म्हणूनच गेल्या असत्या, आणि त्या फोनची गोष्ट कुणाला कळली नसती.

इथं कुणीतरी हमखास म्हणतं, "ज्याचं त्याचं मत. आपल्यात अनेकांतवाद सांगितलाय. सगळ्यांचंच बरोबर." मला या वाक्याची चीड आहे. लहानपणी पाठशाळेत पंडितजींनी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट तुम्हालाही सांगितली असेल. त्या गोष्टीत कुठलाही आंधळा "हत्ती बरा आहे" म्हणत नाही. पाय धरलेला म्हणतो खांबासारखा, कान धरलेला म्हणतो सुपासारखा. प्रत्येकानं हात लावलेला असतो आणि हाताला जे लागलं ते तो ठाम सांगतो. चूक एवढीच की तेवढ्यालाच तो सगळा हत्ती समजतो. अनेकांताला आधी एक तरी अंत लागतो, बायांनो! "स्यात्" म्हणजे "असेल बाई काहीतरी" असा अर्थ नाही. एका अपेक्षेनं, एका बाजूनं बघता, असा अर्थ आहे. मग कुठल्या बाजूनं, हे सांगावं लागतं. मी सून म्हणून बघितला, मी सासू म्हणून बघितला, मी वखारीच्या मालकाच्या घरातून बघितला. जी बाई बाजूच सांगत नाही तिचं मत अनेकांतात धरता येत नाही.

आणि मोबाईलवरचं रेटिंग? सात पूर्णांक दोन, आठ पूर्णांक एक. ते देणारी माणसं कोण, कुठं बसून त्यांनी बघितला, त्यांच्या घरात भांडी कोण घासतं, यातलं आपल्याला काही कळत नाही. हत्तीला हात लावलेल्या हजार जणांची बेरीज करून भागाकार केला तर हत्ती मिळेल का? आपण भाजी घेताना मेथीची जुडी उलटून बघतो, मुळाशी माती किती आहे ते बघतो. सिनेमाला मात्र परक्यानं लावलेलं लेबल चालतं.

समाजाचा अभिमान म्हणून आपण व्ही. शांताराम यांचं नाव घेतो. कोल्हापूरचे, वडील जैन. सभा-समारंभात हे सांगताना छाती फुगते. त्यांचा 1937 सालचा ‘कुंकू’ किती जणींनी बघितलाय? शांता आपटे त्यात नीरा झाल्या आहेत. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली ती पोरगी सरळ सांगते की हे लग्न मला मान्य नाही, आणि शेवटपर्यंत ते मान्य करत नाही. ना. ह. आपट्यांच्या ज्या कादंबरीवर तो सिनेमा निघाला तिचं नावच ‘न पटणारी गोष्ट’. 1937 साली पडद्यावरची एक पोरगी भर घरात "मला पटत नाही" म्हणत होती. आज, जवळजवळ नव्वद वर्षांनी, आपण त्या पोरीला बघून काय म्हणू? बरा हाय, खरं जुना हाय.

आता त्या निपाणीच्या सिनेमाकडं येते, ज्याला रेटिंग नव्हतं.

‘युगांतर’ नावाचा बायकांचा एक गट होता, दीपा धनराज वगैरे. त्यांनी आधी पुण्यातल्या मोलकरणींवर ‘मोलकरीण’ केला, 1981 साली. मग ते निपाणीत आले. तंबाखूच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांबरोबर चार महिने राहिले, त्यांचं ऐकलं, आणि त्यांच्याच तोंडून त्यांची गोष्ट पडद्यावर आणली. काम कसं असतं, संघटना कशी बांधली, संप कसा केला. काही प्रसंग त्या बायकांनी स्वतः पुन्हा करून दाखवले. म्हणजे नटी कोण, तर आपल्या गल्लीच्या पलीकडं राहणाऱ्या बायका. 1981 चं शेतकऱ्यांचं तंबाखू आंदोलन आपल्याला पाठ आहे, शरद जोशी, हायवेवरचा ठिय्या, 6 एप्रिलचा गोळीबार. ते सांगायला घरातले बाप्ये आहेत. त्याच काळात त्याच गावात बायका उभ्या राहिल्या होत्या, हे मला माझ्याच गावात कुणी सांगितलं नाही. बर्लिनमधल्या आर्सेनल नावाच्या संस्थेनं तो सिनेमा जतन केला. निपाणीच्या बायकांची गोष्ट जर्मनीत सांभाळून ठेवलेली, आणि निपाणीत आम्ही विचारतोय, रेटिंग किती.

माझी लेक पुण्यात शिकते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा तिनं तो लॅपटॉपवर लावला. आमच्या सासरी पूर्वी तंबाखूचा व्यापार होता, घराला लागून वखार होती. आमचे हे पाच मिनिटं बसले आणि "डॉक्युमेंटरी हाय, बोअर" म्हणून उठले. धाकटे भाऊजी म्हणाले, "एकच बाजू दाखवलीया." मी गप्प बसले. कबूल करते, गप्प बसले. त्या वखारीच्या पैशातून माझ्या अंगावरचं सोनं झालंय, हे त्या वेळी गळ्याला बोचत होतं.

आत्याबाई मात्र शेवटपर्यंत बसल्या. ब्याऐंशी वर्षांच्या. संपल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपल्या सैपाकघराची मागची खिडकी वखारीकडं हुती. पोळ्या लाटताना त्या बायका खोकलेल्या ऐकू यायच्या. मामंजी म्हणायचे, खिडकी लाव, धूळ येती. मी लावायची." थोडं थांबून म्हणाल्या, "धूळ आत येती म्हणून खिडकी लावायची. त्या धुळीतच हुत्या."

लेकीनं विचारलं, "आज्जी, कसा वाटला मग?"

"खरा हाय. खरं, वास येत न्हाई त्यात. तंबाखूच्या वासानं डोळ्यातनं पाणी यायचं, ते दिसत न्हाई. तेवढा कमी पडला."

आयुष्यात ऐकलेलं सिनेमावरचं सगळ्यात चोख मत मी त्या दिवशी ऐकलं. आत्याबाई चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. कुठं बसून बघितलं ते त्यांनी सांगितलं: बंद केलेल्या खिडकीच्या आतून. काय दिसलं ते सांगितलं. काय कमी पडलं तेही सांगितलं. आणि कुणाची भीड ठेवली नाही, स्वतःचीसुद्धा नाही. हॉलमधली मधली खुर्ची त्या वेळी रिकामी होती. म्हणून बोलल्या का, हे मला अजून कळलेलं नाही.

आपण पाणी गाळून पितो. दिवस मावळला की जेवत नाही, दिव्यावरचा किडा ताटात पडून मरू नये म्हणून. चांगलंच आहे ते, माझी त्यावर श्रद्धा आहे. पण भिंतीपलीकडं माणसं खोकत होती आणि आपण खिडकी लावत होतो, हेही बघायला हवं. क्षमावाणीला आपण घरोघर जाऊन "उत्तम क्षमा" म्हणतो. कुणाच्या घरी जातो? ज्यांच्याकडं लाडू-चिवडा मिळतो त्यांच्याच. ज्या बायकांची क्षमा मागायची त्या पंचवीस मिनिटं पडद्यावर येऊन बसायला तयार होत्या. आपण त्यांना "जड विषय" म्हणून परत पाठवलं. क्षमावाणीच्या कार्यक्रमाला याहून योग्य सिनेमा मला अजून सुचलेला नाही.

समाजाची बदनामी होईल असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच सांगते. बदनामी सिनेमानं होत नसते. ती वखारीत होऊन गेली. सिनेमा फक्त आठवण ठेवतो. आणि भाऊजी म्हणतात तशी एकच बाजू दाखवली असेल, तर दुसरी बाजू आपण सांगू. आत्याबाईंनी सांगितली तशी. त्यासाठी आधी बघावा तर लागेल.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. समीक्षक व्हा असं मी म्हणत नाही. कॅमेरा, संकलन, त्यातलं मलाही कळत नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं, पिक्चर कसा होता, तर तीन गोष्टी सांगा. मी कुठं बसून बघितला. मला काय दिसलं. मला काय पटलं नाही. मार्क द्यायचे असतील तर त्यानंतर द्या. हॉलमध्ये सांगता येत नसेल तर ओट्यापाशी सांगा, पण लेकीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगा. कारण उद्या तिला कुणीतरी विचारणार आहे, मुलगा कसा वाटला. तेव्हा तिच्या तोंडात "बरा हाय" एवढा एकच शब्द असू नये.

पुढच्या भाद्रपदातल्या बैठकीत मी पुन्हा तेच नाव सुचवणार आहे. आत्याबाईंना बरोबर घेऊन येणार आहे, त्या यायला तयार आहेत. चिटणीस वहिनींनी रेटिंग विचारलं तर त्यांनाच उत्तर देऊ दे. पंचवीस मिनिटांचा तर आहे. बघा, आणि नसेल आवडला तर आवडला नाही म्हणा. फक्त का आवडला नाही ते सांगितल्याशिवाय चप्पल शोधायला उठू नका.